तेलाच्या कपाटाला कुलूप

आता काय सांगू तुम्हाला! भल्याभल्यांना गप्प करणारी मी, पण त्या दिवशी डॉक्टरांपुढे माझीच जीभ टाळ्याला चिकटली.

झालं असं. आमच्या ह्यांच्या रक्तात चरबी वाढली. पेणचे आमचे डॉक्टर म्हणाले, "तेलकट-तुपकट कमी करा. दोन महिन्यांनी रक्त पुन्हा बघू. उतरलं नाही, तर पनवेलला नेऊन हृदय तपासायचं."

घरात आम्ही दोनच माणसं. त्यातलं एक गेलं, तर मी भांडू कुणाशी?

शाळेची पायरी मी चढले नाही. बिस्किटांच्या पुड्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले, आणि आज पेपरातली आरोग्याची पानं मला तोंडपाठ! मला कोण शिकवणार? तेलाचा डबा कपाटात घातला, कुलूप ठोकलं नि किल्ली मंगळसूत्रात ओवली.

"अगो, फोडणीपुरतं तरी दे!" हे कळवळले.

"फोडणी पायजे की जीव?"

उपाशी नाही हो ठेवलं! थंडीचे दिवस, माझ्या माहेरून रोह्याहून वालाच्या शेंगा यायच्या. दर रविवारी परसात पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी, आणि भोवती जाळ. तेलाचा थेंब नाही! एरवी आमटीत नारळाचं दाट दूध, भाजीवर मूठमूठ ओलं खोबरं. झाडाचं फळ ते, त्यानं कुणाचं वाईट होणार? गल्लीतल्या चार बायकांनाही मी हाच धडा दिला.

मनात धाकधूक मात्र होतीच. हे पायरीवर दम खायला थांबले, की माझं काळीज थांबायचं.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. चरबी आणखी वाढलेली!

माझं डोकंच तापलं. हे रोज संध्याकाळी रामवाडीकडे फिरायला जातात, आणि तिथं आहे वड्याची गाडी! मी तडक गेले.

"काय रे मेल्या, माझ्या माणसाला वडे चारतोस? मारायचाय काय त्याला?"

"नाय ओ आजी, देवाशपथ! आजोबा येतात, वास घेतात नि जातात. म्हणतात, घरी कुलूपवाली हाय!"

गाडीवरची चार माणसं खिदळली. मग मी थेट दवाखान्यात. "डॉक्टर, तुमचं मशीन बिघडलंय!"

त्यांनी शांतपणे सगळं खाणं विचारून घेतलं. "कोंबडीचं कातडं काढता ना?"

"छे! कातडं तर मी वेचून ह्यांच्याच पानात वाढते. आजारी माणूस!"

"आणि एवढं खोबरं?"

"ते फळ. त्यात कुठलं तेल?"

डॉक्टरांनी माझ्या चपचपीत अंबाड्याकडे पाहिलं. "आजी, डोक्याला काय लावता?"

"खोबरे..." म्हटलं, आणि पुढचं तोंडातच राहिलं.

"मग पनवेल?" मी विचारलं.

"अजून दोन महिने बघू. पण या वेळी खरोखर कमी करा. आणि दोघंही हेच जेवलात ना, तर आता तुमचंही रक्त द्या."

दिलं. माझी चरबी ह्यांच्याहून वरचढ निघाली!

गल्लीतल्या त्या चौघींना मी हल्ली टाळतेच. कुलूप अजून आहे, पण आता ते नारळांच्या पेटीला आहे.

आणि किल्ली? ती ह्यांच्या करगोट्याला!