राज्यपालांचा आचारी आणि शालनचं ताट

नवे राज्यपाल येणार असं पेपरात आलं, की राजभवनातला आचारी सोपान केदारी याला त्यांच्या पक्षाशी काही देणंघेणं नसे. त्याचा प्रश्न एकच : हे खातात काय? राज्यपाल बहुधा परराज्यातले. राष्ट्रपतींचा आदेश निघाला, की शपथविधीआधीच राजभवनाची व्यवस्था बघणारे अधिकारी त्यांच्या घरी फोन लावत. भात की पोळी, तेल कोणतं, उपास कधी, सगळं विचारून किचनमध्ये सांगत. साहेब बदलत, चूल तीच राही. मोहरीचं तेल जाई, खोबरेल येई.

निवृत्तीनंतर बेडसे गावातल्या आपल्या घरी ओसरीवर बसला, की सोपानला ते सगळं आठवे. मंत्र्यांचा शपथविधी असला, की मंत्री किती हे पत्रकारांआधी किचनला कळे. कपबश्या किती काढायच्या याचा निरोप यायचा. पावसाळ्यात राज्यपालांचा मुक्काम पुण्याला हले. मग मुंबईहून भांड्यांचा टेम्पो घाट चढून येई. कामशेत आलं, की सोपान उजवीकडे बघे. त्या डोंगरापलीकडे शालन, त्याची बायको, चिखलात भात लावत असे. टेम्पो थांबत नसे.

यंदा शालनला डेंगी झाला. ताप गेला, पण तोंडाची चव गेली ती आलीच नाही. कामशेतच्या डॉक्टरांनी बजावलं : उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दाखल करू.

"दवाखान्यात न्हाई जायाची मी," शालन म्हणाली आणि पेजेची वाटी सरकवून भिंतीकडं तोंड करून पडली.

सोपानने तळेगावला लेकीला, राजेश्वरीला, फोन लावला. "तुझ्या आईला काय आवडतं गं?"

"आईला? सगळंच खाते की, आबा."

"म्हंजे काय?"

"म्हणजे आमचं झाल्यावर उरेल ते."

शेजारची चंपा अंगणात तांदूळ निवडत होती. तिला विचारलं, तर तिनं सूप खाली ठेवलं. "नवरा तुमी, आन् इचारता मला?"

"मी कुटं व्हतो हितं, वयनी?"

"त्ये बी खरंच," चंपा म्हणाली आणि परत सूप उचललं.

राहिली शालनच. "तुला काय आवडतं, सांग. करतो."

"आता इचारता व्हय?" तिनं कूस बदलली. "आजवर कोनी इचारलं न्हाई. मंग ठरवायचं कवा?"

सोपान चुलीपाशी येऊन बसला. एखाद्या साहेबांच्या घरून नीट उत्तर मिळालं नाही, तर राजभवनात एक रीत होती. पहिल्या दिवशी बरेच पदार्थ थोडे थोडे पाठवायचे आणि परत आलेली ताटं बघायची. साहेब सभ्य, 'सगळं उत्तम' म्हणणार. ताट मात्र खरं सांगे.

दुपारी त्यानं शालनपुढं ताट ठेवलं. मुगाचं कढण, ताकाची कढी, उत्तरेकडची दुधीची भाजी, बंगाली पद्धतीची पातळ डाळ, दक्षिणेकडचं रसम. सगळं वाटी-वाटीतून, दोन-दोन घास.

"एवढं कुनाला? लाटसायब आलाय का घरी?"

"आलाय," तो म्हणाला. "नगं वाटंल ते ऱ्हाऊ दे."

आणि तो बाहेर गेला. जेवणाऱ्यासमोर आचाऱ्यानं उभं राहायचं नसतं. अंगणात त्यानं दोनदा विडी काढली आणि न पेटवताच परत ठेवली.

आत आला तेव्हा कढी जराशी उष्टावलेली होती, भाजी जिथल्या तिथं, डाळीवर साय धरलेली. रसमाची वाटी मात्र बोटानं निपटलेली.

"कसलं सार म्हनायचं ह्ये?"

"दक्षिणेकडल्या एका सायबांचं. पुण्याच्या मुक्कामात रोज मागायचे."

"म्हंजे भाताच्या लावणीत." शालन छताकडं बघत हिशेब लावत होती. "तवा तुमी डोंगराच्या पल्याड ह्ये रांधत व्हता. आन् मी हितं भाकरीवर चटणी."

सोपाननं ताट उचललं.

"सांजच्याला भात घाला त्यात. मऊ. आन् मिरं लय झालंय, कमी करा."

राजभवनात जेवणाची तक्रार आचाऱ्यापर्यंत थेट कधी येत नसे; अधिकाऱ्यांमार्फत, गोड शब्दांत यायची. सोपान ताट घेऊन तसाच उंबऱ्यात थांबला आणि मिरं किती कमी, ते त्यानं तिथंच तिला विचारून घेतलं.