बर्फावर टाकलेला सडा

या गं बायांनो, जवळ सरका. एवढं लांब बसून काय ऐकायला येणार? आणि विमल, तू आधी तो मोबाईल पालथा ठेव. कॅनडाहून आल्यापासून बघायलेय, जी येते ती एकच विचारते, "बर्फ केवढा होता, फोटो काढला का?" पोरगा तिथं कसा राहतो, सून काय खाते, नात कुणाशी बोलते, हे एकीनं विचारलं नाही. म्हणून सगळं लिहूनच काढलं, तेच वाचून दाखवते. आता मधे उठायचं नाही.

चांगलं चाललेलं बघवत नाही अशी काही माणसं असतात. आमचा उमेश त्यातला. पुण्यात बरी नोकरी होती, भाड्याचं का होईना उजेडाचं घर होतं, गॅलरीत तुळस होती. दिवाळी झाली आणि सगळं आवरून बायको मनीषा आणि पहिलीतली ओवी यांना घेऊन हा निघाला. कायमचा. महिन्याभरात फोन, "माय, तू ये. आमी दोघं कामावर जातो, ओवीची शाळा दुपारी सुटती, घरात कोणी न्हाई." म्हणजे बघा, एवढा श्रीमंत देश, आणि एक लेकरू सांभाळायला सेलूहून बाई मागवावी लागते.

सेलूला मुंबईची गाडी धरली. सोबत ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी आणि एक गोधडी. मुंबईच्या विमानतळावर एका पोरानं गाठोडं दाबून बघितलं.

"आजी, यात काय?"

"गोधडी."

"अहो, तिकडं चांगल्या रजया मिळतात."

"मिळत असतील. माझ्या सासूच्या लुगड्याची मिळत असली तर सांग, ही इथंच ठेवते."

गप जाऊ दिलं.

विमानाचं काय सांगू! बसून बसून पायाचे खांब झाले. जेवण म्हणून जे दिलं ते आपल्याकडं आजाऱ्यालाही देत नाहीत. उतरून दाराबाहेर पाऊल टाकलं आणि नाकातले केस ताठ झाले. खोटं सांगत नाही, आतून टोचायला लागले. उमेश समोर उभा, पण ओळखू येईना. अंगात कोटावर कोट, डोक्याला टोपी, गळ्यात गुंडाळी. नमस्कार करायला वाकला तर वाकता येईना. मी म्हटलं, "राहू दे बाबा, पडशील."

गाव टोरंटोच्या बाजूचं. रस्ते रुंद, घरं एकसारखी आणि माणूस औषधाला नाही. गाड्या तेवढ्या जायलेल्या. मी विचारलं, "इथं काही झालंय का रे? कुणी गेलंय का?" उमेश हसला, "न्हाई गं माय, रोजच असं असतं." रोज असं असतं, आणि तिथं राहायला लोक रांग लावतात.

मग घर दाखवलं. आपल्याकडं पूर्वी पेव असायचं (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा). जमिनीखाली ज्वारी ठेवायचे, माणसं नाही. इथं घराच्या खाली पायऱ्या उतरून गेलं की दोन खोल्या, वरती छताला लागून वीतभर खिडकी, आणि त्या खिडकीतही बर्फच. यांचा संसार त्या पेवात. वर मालक राहायचा, हरजीत म्हणून. पंजाबी, ट्रक चालवायचा. त्याची बायको जस्सी, आणि त्याची आई, जिला सगळे बीजी म्हणत (पंजाबीत आईला तसं म्हणतात). हरजीतला खाली लेकरूवाले नकोच होते. "जनवरी देखते हैं," म्हणाला होता, "ठीक रहा तो साल भर का पक्का करेंगे." त्याच्या आधी तीन दारांवरून यांना परत पाठवलं होतं. एक म्हणे लेकरू नको, एक म्हणे इथल्या नोकरीचा जुना दाखला आणा. आत्ता आलेल्या माणसानं जुना दाखला कुठून आणायचा? पण हे पेव गेलं तर ऐन थंडीत लेकराला घेऊन कुठं जायचं, हा घोर उमेशच्या तोंडावर सारखा दिसायचा. घरात आम्ही चोरासारखे चालायचो. ओवी जोरात हसली की मनीषा तिच्या तोंडावर हात ठेवायची.

तिथलं खाणं विचारू नका. वांगं हातभर लांब, आत नुसता कापूस. मिरची बघायला हिरवी, खायला काकडी. भाकरी विजेच्या शेगडीवर फुगत नाही, नुसती पडून राहते, रुसलेल्या बाईसारखी. ऊन पडायचं, पण तापायचं नाही, दुकानातल्या काचेत मांडून ठेवल्यासारखं. आणि कपडे! कोपऱ्यावर ओवीच्या शाळेच्या गाडीपर्यंत जायचं तर लुगड्याखाली विजार, वर स्वेटर, त्यावर उमेशचा जुना कोट, पायात गमबुटासारखे बूट. ओवी म्हणाली, "आजी, तू अस्वल दिसायलीस." म्हटलं, "दिसू दे. इथं बघायला तरी कोण हाय?"

पण एका गोष्टीनं माझं डोकं फिरलं. उमेश रोज सकाळी बादलीतून मूठमूठ मीठ काढायचा आणि दारापुढं, पायऱ्यांवर फेकायचा. मीठ! आपल्याकडं चिमूटभर सांडलं तरी मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं म्हणतात, आणि हा खुशाल त्यावर बूट ठेवून चाललेला. मी बोलले तर म्हणाला, "माय, इथं टाकावंच लागतं. तू त्यात पडू नको." कशासाठी ते काही नीट सांगितलं नाही. कामाची घाई, मायला समजावून सांगायला वेळ कुठला!

संक्रांत आली. पहाटेच उठले. बघते तर दार कोरडं, ना सडा ना रांगोळी. सणाच्या दिवशी असं दार कुणाचं असतं? ज्याच्या घरात मयत झालीय त्याचं. मनीषाला उठवलं असतं तर नको म्हणाली असती, म्हणून उठवलं नाही. झाडू घेतला आणि आधी ते मीठ सगळं झाडून कडेला लोटलं. नीट, पायऱ्यांच्या सांधीतलंसुद्धा. मग बादलीत कोमट पाणी घेतलं, शेण कुठलं मिळणार, चिमूटभर हळद टाकली, आणि पायरीपासून वरच्या वाटेपर्यंत चांगला ऐसपैस सडा टाकला. तांदळाच्या पिठाची रांगोळी काढायला वाकले तर खालचं पाणी हलेना. काच झालेलं! मी भोळी, मला वाटलं, बरंच झालं, वाऱ्यानं उडायची नाही. पाच ठिपक्यांचं कमळ काढलं आणि आत येऊन तीळ भाजायला बसले.

थोड्या वेळानं वरून आवाज आला, "हाय रब्बा!" आणि काहीतरी आपटलं.

बीजी त्यांच्या माघीला गुरुद्वाऱ्यात निघाली होती. त्यांचाही त्याच दिवशी सण असतो, ते मला कुठं ठाऊक? गाडीकडं जायची वाट आमच्या दारावरूनच. कमळावर पाय पडला आणि म्हातारी सरळ हातावर आली. मी धावले, तर मीही पायरीवर घसरले, पण कठडा हातात होता म्हणून वाचले. बीजी पडल्या पडल्या माझ्याकडं बघून ओरडली, "लूण किसने उठाया?" लूण म्हणजे मीठ. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ते मीठ बर्फ होऊ नये म्हणून असतं. आता सांगा, हे आधी सांगायला काय जीभ झिजली असती?

उजवं मनगट मोडलं. दुपारी प्लास्टर घालून आणलं, आणि हरजीत खाली आला. उंच माणूस, आमच्या छताला त्याचं डोकं लागायचं.

"आंटी, ये कोई तरीका है? माँ मर जाती तो?" मग उमेशकडं वळला, "महीने के आखिर में खाली करो."

उमेश मान खाली घालून उभा. बीएस्सी झालेलं पोरगं! हरजीत गेल्यावर मला म्हणाला, "माय, मी तुला त्यात पडू नको म्हणलो होतो." मनीषा भांडी धूत राहिली, एकच ताट पुन्हा पुन्हा. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ताटलीत तिळाच्या पोळ्या घेतल्या आणि वर निघाले.

मनीषा आडवी आली (मला, सासूला, ती मामी म्हणते), "मामी, नका जाऊ. आनखी चिडतील."

"चिडू दे. माझ्यामुळं पडलेल्या माणसाला बघायलाही जायचं न्हाई का? इतकी काही मी इथली झाले न्हाई अजून."

दार बीजीनंच उघडलं. सून कामावर, लेक ट्रकवर. केस मोकळे, खांद्यावर पसरलेले, कमरेपर्यंत, पांढरेशुभ्र. एका हातानं वेणी कशी घालणार? रागानं बघितलं आणि म्हणाली, "अब क्या तोड़ने आई है?"

मी आपल्या परभणीच्या हिंदीत म्हटलं, "मेरे को क्या मालूम जी, तुमारे इधर पानी का पत्थर होता करके. बैठो, चोटी डालती मैं."

"मैंने कहा क्या?"

"बाल कह रहे ना. बैठो."

बसली. खोबरेल तेल आणलं, विंचरलं, घट्ट वेणी घातली. पोळी खाल्ली, पण गोड नाही म्हणाली. गूळ कमी पडला असेल तर तोही तिथलाच होता.

त्यानंतर रोज ओवीला गाडीत बसवून मी वर जायची. आणि रोज भांडण. "ढीली है, कस के कर." "कसके करी तो सर दुखता बोलते तुम." ती चहात बडीशेप टाकायची. मी विचारलं, "ये चाय है या पान?" ती माझ्या लुगड्याला हसायची, मी तिच्या सलवारीला. पिंडातल्या (गावातल्या) म्हशींची नावं सांगायची, मी आमच्या. बाईची जीभ तिखट होती, पण त्या आख्ख्या गावात माझ्याशी बसून बोलणारी तेवढी एकच. चोवीस तास हीटर चालू ठेवणाऱ्या देशात दुसऱ्याच्या दारी दोन घटका टेकायची पद्धत नाही. मग ऊब काय फक्त भिंतीला पाहिजे?

खाली मात्र मनीषानं भांडी खोक्यात भरायला घेतली होती. उमेश सुटीच्या दिवशी घरं बघून यायचा आणि बूट काढून भिंतीला टेकायचा. कुणी म्हणे थंडी सरल्यावर या. थंडी सरेपर्यंत काय झाडावर राहायचं?

महिना संपत आला. मी वेणी घालत असताना हरजीत आला. मला विचारलं, "आंटी, कब जा रहे हो?"

मी काही बोलायच्या आत बीजी म्हणाली, "ये जाएंगे तो मेरी चोटी तू करेगा?"

"बीजी, कोई और मिल जाएगी..."

"और का हाथ नहीं चाहिए मुझे." मग माझ्याकडं मान वळवली. वेणी हातातून सुटली. "पर तू मार्च तक नहीं जाएगी. प्लास्टर तूने लगवाया, अब खुलने तक रह."

बघा म्हणजे! दया आली म्हणून नाही, लेकरू बघून नाही. वेणीसाठी.

पण माझं परतीचं तिकीट फेब्रुवारीचं होतं. पाथरीला भावाच्या लेकीचं लग्न, आणि मी एकुलती एक आत्या. खाली येऊन सांगितलं. उमेशनं माझ्याकडं बघितलं आणि खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. कुठंच जायचं नव्हतं त्याला. तोंडानं मागता येईना, म्हणून नाडी.

मी म्हटलं, "लग्नं काय, व्हायलीत. बदल तिकीट."

हरजीतनं वर्षभराचं पक्कं केलं. मनीषानं खोकी उघडली. त्या वीतभर खिडकीला जुन्या ओढणीचा पडदा शिवला आणि लांब उभी राहून मला विचारलं, "मामी, आपल्या घराला शोभतोय का?" मी शोभतोय म्हटलं. पाथरीचं लग्न मोबाईलवर बघितलं. नवरी नखाएवढी. अक्षता टाकायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

मार्चमध्ये बर्फाचा चिखल झाला. लोक म्हणायला लागले, छान दिवस आले. आपल्याकडं असे दिवस आले की शेकोटी करतात. बीजीचं प्लास्टर निघालं. तिनं स्वतः वेणी घातली, आरशात बघितली, आणि मला म्हणाली, "तेरे से अच्छी हुई." आभार वगैरे काही नाही. निघताना मात्र गाडीपाशी आली आणि माझ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

सेलूला उतरले तेव्हा ठेसनावर ऊन रखरखत होतं. भाऊ अजून रुसलेला, आला नाही. घर उघडलं, झाडलं, सडा टाकला. टाकल्या टाकल्या वाळून गेला. मग एकटीच ओट्यावर टेकले आणि तिथं खरं काय ते उमजलं. हरजीतनं घर सोडा म्हटलं त्या दिवशी मी घाबरले होते, पण आत कुठंतरी वाटलं होतं, सोडू दे, म्हणजे परत येतील. मग मीच रोज वर जाऊन, तेल लावून, वेणी घालून त्यांना तिथं पक्कं बसवून आले. परवा उमेशचा फोन आला. ओवी मागून ओरडत होती, हसत होती, आणि कुणी तिच्या तोंडावर हात ठेवत नव्हतं. आता ते येत नाहीत. पाव्हण्यासारखे येतील कधी, आठ दिवस, बाटलीतलं पाणी पीत.

तर बायांनो, तुमी तरी येत जा. आणि लवकर या. फोन करून, वेळ विचारून यायची रीत तिकडची, इथं ती आणू नका. भर दुपारी आलात तरी दार लोटलेलंच असेल, आणि मी भाकरी कधी एकटीपुरती थापत नाही.