लाल चिंध्यांची पिशवी

त्या बुधवारी सोनपेठला आमच्या मच्छीमार सोसायटीत टोपल्या आल्या, पण एकाही माशाच्या कल्ल्यात चिंधी नव्हती. टोपल्या आणणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आक्का गेली. पहाटं घाटावरच..." मी मान हलवली. मासळी तोलून घेतली, बर्फ टाकायला सांगितलं, टोपल्या एसटीच्या टपावर चढवल्या. रडू आलं नाही. इतके आठवडे झाले, अजूनही आलेलं नाही.

गयाआक्का गोदावरीकाठच्या घराघरांतून मासळी गोळा करून सोसायटीत आणायची. मी तिथला सेक्रेटरी. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी बंद होत्या. त्या सुरू झाल्यावर कुणीतरी शिळे मासे ताज्यात मिसळले आणि आमची मासळी जायची त्या सेलूत माणसं आजारी पडली. मासे कुणाच्या घरचे, ते सांगता येईना. मग सोनपेठची मासळी म्हटलं की गिऱ्हाईक पुढं जायला लागलं. एकाच्या चुकीनं सगळ्यांचा धंदा बसला. तेव्हा आम्ही ठरवलं, प्रत्येक घराला एक रंग. रंगांची यादी माझी. शिंप्याकडच्या चिंध्या आणणं, त्या कल्ल्यात ओवून गाठ मारणं आक्काचं. लोक हसायचे.

"आक्का, माशांची लगनं लावायलीस का?"

"लावायलेय की. तुज्यासारखा बिननावाचा नवरा नगं, म्हनून आधी खूण करायलेय."

हळूहळू सेलूची गिऱ्हाइकं चिंधी बघून मासा मागू लागली. सोसायटीत आणखी गावं आली, रंग पुरेनात, मग दोन रंगांच्या जोड्या लावल्या.

लाल रंग आक्काच्या धाकट्या भावाचा, माधवचा. एका उन्हाळ्यात सेलूहून वास मारणारे मासे परत आले. सगळ्यांच्या कल्ल्यात लाल. ज्याचा रंग, त्याची मासळी महिनाभर बंद, असा नियम होता. सभासद म्हणाले, एवढ्या वेळेपुरतं राहू द्या. आक्कानं एक मासा उचलून सगळ्यांपुढं धरला.

"ह्यो माधवचा."

"आक्का, मी तुजा भाऊ हाय का न्हाई?"

"हाईस की. पन आज तुला सोडलं, तर उद्या कुनाला धरू?"

माधव गेला तो गेलाच. गंगाखेडच्या व्यापाऱ्याला मासळी देऊ लागला. भाऊबीजेलाही आला नाही. लाल रंग दुसऱ्या कुणाला देऊ का, असं मी एकदा विचारलं. "नगं. असू द्या तसाच," म्हणाली आणि लाल चिंध्यांची पिशवी तराजूशेजारच्या खुंटीला अडकवून गेली.

ती गेल्यावर दोन-तीन बाजार बिनचिंधीचेच गेले. सेलूहून विचारणा सुरू झाली. चिंध्या कोण बांधणार, यावर सभा घेतली; कुणी पुढं आलं नाही.

गेल्या बुधवारी टोपल्या आल्या, त्यांत चिंध्या होत्या. रंग बरोबर, गाठी ढिल्या. टोपल्यांमागं माधव उभा. आक्काच्या घरातल्या चिंध्या घेऊन सगळ्यांचे मासे त्यानंच बांधले होते. त्याची स्वतःची टोपली मात्र तशीच होती.

"सेक्रेटरी... लाल कुनाला दिला?"

मी खुंटीवरची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. तो तिथंच खाली बसला आणि एकेका माशाचा कल्ला उचलू लागला. त्याचं होईपर्यंत मी तराजू धरून थांबलो.