डाव्या मांडीवरची थाप

आमच्या जोडीतला पैलवान तो आणि पडणारा मी. जिल्ह्यातल्या यात्रांमधून आम्ही वर्षानुवर्षं नुरा कुस्ती खेळलो, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली. गुलाबी फेटा उडवत त्याने आखाड्याला फेरी मारली, दोन म्हाताऱ्यांच्या पाया पडला, की लोक वेडे व्हायचे. विसरवाडीला तर एसटीचा ड्रायव्हर गाडी सोडून त्याच्यासोबत फोटो काढायला आला. फोन अर्थात माझ्या हातात दिला.

ताकद माझी जास्त. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक, आणि त्याला ते फारसं आठवत नसे. दहा मिनिटं झुंजायचं, मग त्याने डावी मांडी दोनदा थोपटली की मी पाठ टेकायची, ही आमची खूण.

यंदा प्रकाशा गावच्या यात्रेला माझी सातवीतली मुलगी येणार होती. लोणखेड्याला शाळेत पोरी तिला ‘पडणाऱ्याची पोर’ म्हणायच्या, आणि ते मला फार लागायचं. मी तिला सगळं खरं सांगून टाकलं आणि शब्द दिला, या वेळी मीच जिंकणार. मग त्याच्याकडे गेलो. वाटलं, फुगून बसेल. पण मुलीचं ऐकून गडी विरघळला.

“आते मी पडसू, भो. आन् असा पडसू, का लोके देखतच ऱ्हातीन.”

पडण्यातही त्याला नाव हवंच होतं.

कुस्ती झकास चालली. मी पट काढला, तो गुडघ्यावर आला आणि मैदान चिडीचूप झालं. ती शांतता त्याला सोसेना. टाळ्यांसाठी त्याचा हात आपोआप गेला, डाव्या मांडीवर, दोनदा. मैदान दणाणलं, तोवर माझी पाठ मातीला लागलेली.

तो माझ्याहून जास्त घाबरला. माझ्या छातीवर पडून कानात म्हणाला, “आरे, तू कशाले पडना?”

पंचांनी त्याचा हात वर केला. सवयीने तो हसला.

मला रडू येत होतं. मुलगी टॉवेल घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “पप्पा, आज बी मुद्दामच पडनात का?”

हो म्हटलं तर शब्द मोडला, नाही म्हटलं तर खरोखरच हरलो. मी हो म्हटलं.

ती थोडा वेळ माझ्या पाठीवरची माती झटकत राहिली. मग तिने फोन माझ्या हातात दिला.

“मंग मन्हा त्यासना संगे एक फोटो काढी द्या.”