वडिलांच्या कानाशी

अंथरुणाला खिळल्यावर वडिलांनी एकच अट घातली. "शेवटाले माझ्या कानाशी देवाचं नाव नाही घ्यायचं. बुद्ध, धम्म, संघाचं त्रिशरण म्हणायचं. बस." बाकी कशाला त्यांनी नाही म्हटलं नाही. कडू औषधंसुद्धा मुकाट्याने घेतली.

मला ते कळत होतं. छप्पन सालच्या बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला आजोबा उमरेडहून पायी नागपूरला आले होते, लहानगे वडील त्यांच्या खांद्यावर. परतल्यावर आजीने घरातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडून आली. ज्यांच्या देवळाच्या पायरीवरही कधी उभं राहू दिलं नाही, ते देव तिने इतकी वर्षं पुजले होते. "मोठ्या मुश्किलीने सुटलो," वडील म्हणायचे.

अडचण अशी, की ते माझ्याकडे राहत होते आणि माझं सासर ख्रिस्ती. लग्न आम्ही कोर्टात केलं, मी बौद्धच राहिले. नवरा रेल्वेत, निम्मा आठवडा ड्यूटीवर. मी सीताबर्डीला साड्यांच्या दुकानात. दिवसभर घरात वडील आणि सासूबाई दोघंच. सासूबाई निवृत्त नर्स. येशूचं नाव घेतल्याशिवाय त्यांनी जन्मात कोणाला सुई टोचली नसेल. मला धास्ती तीच होती.

दोघांचं भांडण मात्र मजेचं असायचं. सासूबाई त्यांना पेज भरवत आणि वडील घास गिळता गिळता वाद घालत.

"तुमचा देव माफ करून टाकते, इहीणबाई. आमच्याइथं माफ करणारा कोणी नाही. केलं ते निस्तरा."

"मग झोप कशी लागते तुमाले?"

"म्हणून तर जपून राहतो," वडील म्हणत. "चार शीलं तर तुमची-आमची सारखीच आहेत. हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही. पाचव्यावर येऊन तुमची गाडी अडते. नाताळात घरी वाईन करता तुम्ही."

सासूबाई पदराने त्यांचं तोंड पुसत. "केक तर बरा खाता त्या वाईनचा."

संध्याकाळी विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून यायच्या, मेणबत्ती लावून वडिलांजवळ वंदना म्हणायच्या. तेवढा वेळ सासूबाई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसत. तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करता का, असं मी एकदा जरा खोचकपणेच विचारलं. "माझ्या खोलीत करते," त्या म्हणाल्या. "तिथं तर मनाई नाही ना?"

मग एके दिवशी वडिलांनी माझ्यादेखत त्यांना विचारलं, "पोरगी घरी नसली त् तुम्ही म्हणान का त्रिशरण?"

सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. "नाही जमणार, इवाईबुवा. त्यात 'मी बुद्धाले शरण जाते' असं म्हणा लागते ना? मी एकालेच शरण गेली आहे."

"बरोबर आहे," वडील म्हणाले. "मनात नसन त् खोटं नका म्हणू."

त्यांना मुळीच राग आला नाही. राग आला मला. मरणाऱ्या माणसासाठी चार शब्द म्हटले तर काय बिघडतं, असं मी दिवसभर धुसफुसत होते. भांडी आपटली, सासूबाईंशी बोलले नाही. माझे वडील त्या बाईचं मन जपत होते, ह्याचाही राग आला.

पुढच्याच आठवड्यात दुपारी दुकानात सासूबाईंचा फोन आला. "ये वं लवकर. श्वास बदलला." मी रिक्षात बसले. व्हेरायटी चौकात सगळं तुंबलेलं. मी पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, फोन त्यांच्या कानाशी धरा. बाबांचा श्वास ऐकू आला, ओढून ओढून घेतलेला. मी "बुद्धं" म्हटलं आणि पुढे शब्दच फुटेना. लहानपणापासून रोज म्हटलेलं, पण नुसता हुंदकाच निघाला. रिक्षावाल्याने वळून पाहिलं.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "बुद्धं सरणं गच्छामि." सासूबाईंचा आवाज. "धम्मं सरणं गच्छामि." कुठे अडखळल्या नाहीत. दार अर्धं उघडं ठेवून लसूण सोलता सोलता त्यांचं सगळं पाठ झालं होतं. तीनही वेळा पूर्ण म्हटलं त्यांनी. मी पोचले तेव्हा बाबा गेले होते आणि सासूबाई त्यांचे डोळे मिटून, हात सरळ करून शेजारी बसल्या होत्या. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पहिल्याच रविवारी नवरा ड्यूटीवर होता, म्हणून सासूबाईंना चर्चला मी घेऊन गेले. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारस घ्यायला एकेक बाक उठून पुढे जात होता. आमचा बाक उठला. सासूबाई बसून राहिल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी ते कधी चुकवलेलं मला माहीत नव्हतं. शेजारच्या बाईने खूण केली, तरी उठल्या नाहीत. मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या.

बाहेर फाटकापाशी मी विचारलं, "काहून नाही गेल्या, आई?"

"आधी पापाची कबुली द्या लागते," त्या म्हणाल्या. "पस्तावा करा लागते. मग जाता येते." चपलेत पाय सरकवायला त्यांनी माझा खांदा धरला. "देवासमोर खूप बसली मी ह्या आठ दिवसांत. पस्तावा येऊनच नाही राहिला वं."