काच कुठे पडली होती

विमा कंपनीचं पत्र आलं तेव्हा काचताईच्या नवऱ्याला जाऊन पन्नास दिवससुद्धा झाले नव्हते. पाकीट तिच्या नावानं आलं होतं, कारण गाडी तिच्या नावावर होती. नवरा घरोघरी जाऊन लाकडी सामानाला पॉलिश करायचा. डबे आणि ब्रश घेऊन बसमध्ये चढला की लोक वासानं नाकाला रुमाल लावायचे. म्हणून तिनंच पै पै साठवून ती जुनीपुराणी गाडी घेतली होती.

पत्राची भाषा अगदी गुळगुळीत होती. आपल्या मालकीच्या विमा नसलेल्या वाहनाने आमच्या ग्राहकाच्या गाडीस धडक दिली. ग्राहकाची नुकसानभरपाई आम्ही दिली आहे. ती रक्कम आपण आम्हास तीस दिवसांत परत करावी. खाली आकडा होता, काचताईचा सात महिन्यांचा पगार होईल एवढा. मोडलेल्या वस्तूंची यादी जोडली होती, तिच्यात बाजूचा आरसासुद्धा होता. माणूस मेल्याचा उल्लेख कुठेही नव्हता.

काचताई हे नाव गल्लीनं दिलेलं. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत चोवीस वर्षं ती नंबरच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवत होती. स्वभावानं मऊ, भाजीवाल्यानं चुकून जास्त पैसे घेतले तरी परत मागायला तिची जीभ उचलायची नाही. विम्याची मुदत संपल्याचं तिनं नवऱ्याला तीनदा सांगितलं होतं. तो हसून म्हणाला होता, "अगं, मी गाडी इतकी हळू चालवतो की मला धडकायचं तर समोरच्यालाच वाट वाकडी करून यावं लागेल."

पत्र वाचून धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, भरून टाक. हप्ते करून मिळतील. विमा नव्हता म्हणजे आपली बाजू लंगडीच."

"पण चूक ह्यांचीच होती असं कुठे ठरलंय, भाऊजी?"

"त्या गाडीवाल्यानं तसं लिहून दिलंय. आणि दादा काही उठून साक्ष द्यायला येणार नाही."

हे तो घास चावता चावता बोलला. भावाचा पॉलिशचा धंदा आता दीरानं उचलला होता आणि कोर्टकचेरीनं गिऱ्हाइकं बिचकतील याची त्याला धास्ती होती, एवढं तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं कंपनीला फोन लावला. एका मुलीचा साखरेत घोळलेला आवाज आला. "मॅडम, आपल्या पतीचं ऐकून वाईट वाटलं. पण विमा नसलेलं वाहन रस्त्यावर आणणं हाच मुळात दोष आहे."

"विमा नव्हता हा माझा दोष. दंड मी भरलाय. पण धडक कुणी दिली हा प्रश्न वेगळा ना?"

"मग तुम्हाला लेखी हरकत घ्यावी लागेल. फाईलची प्रत मागवता येते."

काचताईनं लेखी हरकत घेतली आणि प्रत मागवली. तीन आठवड्यांनी जाडजूड पाकीट आलं. रविवारची दुपार होती. तिनं टेबल पुसलं आणि कागद ओळीनं मांडले. गाडीवाल्याचं म्हणणं असं होतं: मी माझ्या बाजूनं येत होतो, वळणावर समोरची गाडी मधली पांढरी रेघ ओलांडून माझ्या अंगावर आली. सोबत त्यानंच फोनवर काढलेले बारा फोटो होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेळ छापलेली.

तिनं कामाचं भिंग डोळ्याला लावलं आणि पहिल्याच फोटोवर तिची नजर अडली. नवऱ्याच्या जुन्या गाडीचा दिवा काचेचा होता. आजकालच्या गाड्यांना असतात तसा प्लास्टिकचा नव्हे. फुटलेली काच कशी उडते, तुकडे कुठे ढिगानं पडतात आणि कुठे विरळ होत जातात, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. सगळा चुरा पांढऱ्या रेघेच्या अलीकडे होता, नवऱ्याच्या बाजूला, रेघेपासून चांगला हातभर आत. पलीकडे तुकडाही नव्हता. म्हणजे दिवा फुटला तो नवऱ्याच्याच बाजूला. गाडीवाला रेघ ओलांडून आत घुसला होता आणि नंतर त्यानं गाडी मागे घेतली होती.

तिला टाळी वाजवावीशी वाटली. नक्की करायला ती पुढचे फोटो पाहू लागली आणि चौथ्यात तिला नवरा दिसला.

तो फोटो मोडलेल्या आरशाचा होता. मागे, पदपथाच्या कडेला, तिचा नवरा बसला होता. हात पोटावर, मान वर. वेळ दहा पंचेचाळीस.

इस्पितळात तिला सांगितलं होतं की ते जागीच गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. तेवढ्या एका वाक्यावर ती इतके दिवस झोपत होती.

सातव्या फोटोत तो पुढे वाकला होता. नवव्यात त्यानं एक हात वर केला होता, कॅमेऱ्याच्या दिशेनं. फोटो पुढच्या बंपरवरच्या ओरखड्याचा होता. त्या ओरखड्याचे तीन फोटो होते. बाराव्यात, दहा सत्तावन्नला, तो कुशीवर पडला होता आणि त्याचा एक बूट निघाला होता.

फाईलमध्ये कंपनीच्या मदत क्रमांकावरची नोंदही होती. दहा अडतीसला ग्राहकाचा फोन. ग्राहकास सर्व बाजूंनी फोटो काढण्यास सांगितले. पोलिसांच्या कागदात रुग्णवाहिकेला फोन केल्याची वेळ अकरा वाजून दोन मिनिटं होती, आणि तो फोन रस्त्यावरून जाणाऱ्या एका दूधवालीनं केला होता.

काचताई संध्याकाळपर्यंत खुर्चीतून हलली नाही. मग उठली, पट्टी घेतली आणि रेघेपासून चुऱ्यापर्यंतचं अंतर चुरा दिसत होता त्या प्रत्येक फोटोवर मोजून काढलं. दुसरा मार्गच नव्हता. हरकत सिद्ध करायची तर हेच फोटो लागणार होते, आणि चुऱ्याची सर्वांत स्पष्ट जागा नवव्या फोटोत होती, त्या उचललेल्या हाताच्या खाली. आठवडाभर रोज कामावरून आल्यावर ती त्या हाताखाली पट्टी ठेवत होती.

तिचं उत्तर पोचल्यावर साखरेच्या आवाजाचा फोन आला. "मॅडम, आनंदाची बातमी आहे. कंपनी मागणी मागे घ्यायला तयार आहे. फक्त एका कागदावर सही हवी, की या अपघाताबद्दल आपली कुणाविरुद्ध काही तक्रार नाही."

"माझा माणूस चोवीस मिनिटं तिथे होता. तुमच्या लोकांनी फोटो काढायला सांगितलं. माणसाचं विचारलं का कुणी?"

"मॅडम, तो प्रश्न या फाईलचा नाही."

दीरानं कपाळाला हात लावला. "सही कर आणि मोकळी हो. दादा काय परत येणारे?"

"तुम्ही फोटो बघा आधी," ती म्हणाली आणि पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. त्यानं ते उघडलं नाही. चहा अर्धा टाकून उठला आणि जाताना दारातून म्हणाला, "असलं बघायचं कशाला, वहिनी?" त्यानंतर त्यानं तिच्या घरी पाऊल टाकलं नाही.

तिनं सही केली नाही. कंपनीनं दावा कोर्टात नेला. कंपनीच्या वकिलानं बोलायला सुरुवात केली, न्यायाधीशबाईंनी त्याला थांबवून काचताईची मापं पाहिली, गाडीवाल्याला दोन प्रश्न विचारले, आणि दुसऱ्यालाच त्याची गाळण उडाली. दावा फेटाळला. सगळं मिळून वीस मिनिटं. फोटोतल्या माणसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काचताई बोलू लागली तेव्हा न्यायाधीशबाई सौम्यपणे म्हणाल्या, "ते आज आपल्यासमोर नाही." नुसती दखल घेतली नाही म्हणून आम्ही गुन्हा नोंदवणार नाही, असं पोलिसांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

बाहेर व्हरांड्यात गाडीवाला पाणी पीत उभा होता. तिशीचा, नीटनेटका, चष्मा लावलेला. तिला पाहून त्यानं ग्लास खाली ठेवला.

"मला खरंच वाटलं, ते दम खात बसलेत," तो म्हणाला. "रक्तबिक्त काही दिसत नव्हतं."

"बोललात तुम्ही त्यांच्याशी?"

"हो. विमा आहे का विचारलं."

"काय म्हणाले?"

त्यानं खाली पाहिलं. "नाही म्हणाले. आणि… सॉरी म्हणाले. दोनदा म्हणाले."

काचताईनं त्याला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. "तुमच्या चष्म्याची उजवी काच तिरकी बसलीय," एवढंच ती म्हणाली, आणि जिना उतरली.

त्या संध्याकाळी तिनं परगावी असलेल्या लेकीला फोन केला आणि सगळं सांगितलं. फोटो, वेळा, दूधवाली, सॉरी. एकटीनं ते वाहणं तिला आता झेपत नव्हतं. लेक म्हणाली, "आई, हे तू मला का सांगितलंस? मी रोज मनात बाबांना शांत, डोळे मिटलेले बघत होते. आता काय बघू?"

"मला वाटलं, तुला कळायला हवं."

"तुला ते एकटीला वाहायला नको होतं म्हणून सांगितलंस," लेक म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

ते खरं होतं. काचताईनं तिला पुन्हा फोन केला नाही. दोन महिन्यांनी लेकीचाच आला, नातीच्या शाळेच्या प्रवेशाबद्दल. कागद कुठले लागतात, फॉर्म कुठे मिळतो, असं पाच मिनिटं बोलणं झालं. वडिलांचा विषय दोघींनीही काढला नाही, आणि पुढे कधीच निघाला नाही.