पाच घरचं कापड

सोनगीरच्या झुंबरबाईच्या हातची गोधडी ज्या पोरानं ओली केली नाही, असं पोर त्या गल्लीत शोधून सापडायचं नाही. चाळीस वर्षं ती गोधड्या शिवत होती. टाका बारीक, ओळ सरळ, आणि तोंड त्याहून सरळ. कुणी वाकडी शिवलेली गोधडी दाखवली तर ती बिनदिक्कत म्हणायची, "हाई पोर रडीच वं, मी बी रडसू हिन्हावर."

पण या खेपेला तिचाच टाका वाकडा पडत होता. लेक कामिनी धुळ्याच्या दवाखान्यात भरती होती. नववा लागलेला, रक्तदाब चढलेला, आणि याआधीची दोन बाळं हाती लागून गेलेली. एक सहा दिवसांचं, दुसरं तीन महिन्यांचं. तिसऱ्या वेळी आईच्या घशाखाली घास उतरणार कसा?

अशा बाळाच्या गोधडीसाठी झुंबरबाईच्या सासूनं एक नियम घालून दिला होता. कापड पाच घरांतून मागून आणायचं, आणि घर असं हवं की जिथलं एकही लेकरू गेलेलं नाही. झुंबरबाईचा नवरा अशाच मागून आणलेल्या कापडावर वाढलेला. वरची तीन भावंडं गेली, म्हणून त्याचं नावच चिंधा ठेवलं, म्हणजे मरणानं नाक मुरडून पुढच्या दाराला जावं. चिंधाआबा आता सत्तरीत आहे आणि मरण अजून नाक मुरडतंय, असं तो स्वतःच हसून सांगतो.

जावई नवीन धुळ्याहून तासातासाला फोन करत होता. मराठीचा मास्तर तो. काळजीनं जीव घाबरला की शब्दांच्या मागे लागायचा.

"मामी, गुजरातेत गोदडी म्हणतात, हिंदीत गुदडी, आपली गोधडी. पण याच्या आधीचं मूळ काही मला सापडेना. तुम्हाला काय वाटतं?"

"मूळ काय ऱ्हाई, जवाई? फाटेल लुगडं. अंगवर इरी गयं का ते गोधडीमा जास. तुम्ही आधी डॉक्टर काय म्हनतस ते सांगा."

डॉक्टर 'बघू' म्हणत होते. त्या शब्दाचा अर्थ मात्र दोघांनाही नीट ठाऊक होता.

पाचवं कापड शेजारच्या ताईबाईचं होतं. ती सहा वर्षांपूर्वी सुरतेहून इथं राहायला आलेली. दोन्ही पोरं धडधाकट, कमावती. तिचं हिरवं लुगडं धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. झुंबरबाईनं ते मधोमध लावलं, बाळाची पाठ टेकेल तिथंच.

दुपारी शेवटची ओळ राहिली होती, तेव्हा ताईबाई दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"झुंबराक्का, ते हिरवं काढी टाक."

"कसाले वं?"

"मन्ही एक पोर व्हती. दीड वरीसनी. सुरतले तापमा गयी. आठे मी कोनले सांगं नही."

झुंबरबाईच्या डोक्यात सणक गेली. "मंग दिन्हं कसाले? मन्ही कामिनी तठे कोनत्या हालमा शे, तुले ठाऊक नही का?"

"माले आजलोंग कोनी कापड मांगंच नव्हतं, अक्का. सुरतले बठ्ठा लोकसले ठाऊक व्हतं. तू दारमा उनी, मांगं... माले नही म्हनता उनं नही."

एवढं बोलून ताईबाई तोंडाला पदर लावून निघून गेली.

झुंबरबाईनं कात्री घेतली. कच, कच, कच. तीन टाके उसवले आणि हात अडला. कामिनीच्या आधी तिलाही एक मुलगा झाला होता. धना. सव्वा महिन्याचा होऊन गेला. गावाला ते ठाऊक होतं. त्यानंतरही बायका चिंध्यांची बोचकी घेऊन तिच्या ओट्यावर येत राहिल्या, गोधड्या शिवून नेत राहिल्या. कुणी वावगं बोललं नाही. पण इतक्या वर्षांत एकीनंही तिचं स्वतःचं जुनेर मागितलं नाही. आणि आज नातवंडासाठी तिनं स्वतःही आपली पेटी उघडली नव्हती. हे तिला आत्ता लागलं, आणि फार लागलं.

पण भीती काही हटेना. बाळाला काही झालं तर? तिनं नवऱ्याला हाक मारून सगळं सांगितलं. चिंधाआबानं गोधडी आपल्या मांडीवर ओढली.

"मन्ही माय बी पाच घर फिरनी व्हती," तो म्हणाला. "तिले तरी बठ्ठासनी खरं सांगं व्हई का?"

झुंबरबाईनं उसवलेले तीन टाके पुन्हा घातले. मग पेटी उघडून आपलं तपकिरी लुगडं काढलं, त्याचा तुकडा फाडला आणि हिरव्याला लागून शिवला.

संध्याकाळी नवीनचा फोन आला. मुलगी झाली होती, पण वजन कमी होतं, बाळ दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत ठेवलेलं. तीन दिवस झुंबरबाईनं फोन हातातून खाली ठेवला नाही. चौथ्या दिवशी बाळ आईजवळ दिलं, तेव्हा ती ताईबाईला हाताला धरून एसटीनं धुळ्याला गेली.

कामिनीनं गोधडी उलगडली. तपकिरी तुकड्यावर तिचं बोट थांबलं.

"आई, हाई तर तुन्हं लुगडं शे."

"हा. आनि हिरवं ताईबाईनं. तिन्ही बी एक पोर गयी."

नियम कामिनीला पाठ होता. तिनं आईकडे पाहिलं, मग ताईबाईकडे. ताईबाई दाराशीच उभी होती, परत जायच्या तयारीत. कामिनीनं बाळ गोधडीवर निजवलं आणि उशाची आपली जुनी ओढणी आईच्या मांडीवर टाकली.

"मन्हं बी लाव. मन्हा बी दोन गयात."

झुंबरबाईनं पिशवीतून सुई काढली, पण दोरा काही केल्या ओवला जाईना. शेवटी ताईबाई पुढे आली आणि तिनं तो ओवून दिला.